सुटा भाग नको, साचा छापा

धातू ‘छापणारं’ लेसर यंत्र आपल्या विदर्भात आणावं की नाही, यावरून गेले काही महिने आमच्याकडे एमआयडीसीतल्या बैठकांत, कॉलेजांच्या चर्चासत्रांत आणि अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर खडाजंगी चालू आहे. उत्साही मंडळींचं म्हणणं असं, की ऐन हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या) यंत्राचा एखादा भाग मोडला तर नागपूर, अहमदाबाद, राजकोटची वाट कशाला पाहायची? संगणकातली फाइल उघडा, संध्याकाळी यंत्र लावा, सकाळी भाग बसवा. विरोधक म्हणतात, कृषिपंपाला आठ तास धड वीज नाही, कापसाला भाव नाही, आणि तुम्ही कोटींचं लेसर आणता? पहिला गट दुसऱ्याला मागासलेला ठरवतो, दुसरा पहिल्याला ठेकेदारांचा माणूस. गंमत अशी, की दोघांच्या डोळ्यांसमोर चित्र एकच आहे: गाव, मोडलेला भाग आणि तो छापून देणारी पेटी. एकाला ते आवडतं, दुसऱ्याला आवडत नाही, एवढंच. चित्रच चुकीचं असेल, असा संशय कोणालाही येत नाही.

माझं मत आधीच सांगतो. टूल स्टील, म्हणजे साचे-हत्यारांचं कडक पोलाद, लेसरने घडवणारं यंत्र विदर्भाला हवं आहे, पण मोडलेले सुटे भाग छापण्यासाठी नाही. ज्या डाय, पंच आणि मोल्डमधून (म्हणजे साचे-ठशांमधून) सुटे भाग हजारांनी निघतात, त्या घडवण्यासाठी आणि झिजल्या की भरून काढण्यासाठी ते हवं. तेही तालुक्या-तालुक्याला नको. अख्ख्या विदर्भात एक-दोन ठिकाणी पुरे. तालुक्याला हवीत ती माणसं, भट्टी आणि मोजमापाची साधनं. हा फरक न करता यंत्र आलं तर फीत कापली जाईल, फोटो छापून येतील आणि दोन वर्षांनी खोलीला कुलूप लागेल. ‘सामायिक सुविधा केंद्र’ अशी पाटी मिरवणाऱ्या कुलूपबंद खोल्या आपण कमी पाहिल्या आहेत का?

आधी यंत्र करतं काय ते पाहू, कारण या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते त्यावरच. बंद पेटीत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला असतो. आत पोलादी पाटावर ३० ते ५० मायक्रॉन जाडीचा, धातूच्या पावडरीचा थर पसरतात, काहीशे वॅटचा लेसर त्यातला हवा तेवढाच आकार वितळवतो, पाट एका थराएवढा खाली जातो, पुन्हा पावडर, पुन्हा लेसर. ४० मायक्रॉनच्या थरांनी १०० मिमी उंची गाठायला २५०० थर लागतात. एका लेसरचं मध्यम यंत्र तासाला साधारण १० ते २० घनसेंटिमीटर धातू घडवतं. म्हणजे किलोभर पोलादाला सहा ते तेरा तास. आणि पेटीतून बाहेर येतो तो कच्चा मालच असतो. त्याचा ताण काढायला भट्टी, पाटावरून सोडवायला वायरकट (तारेने धातू कापणारं यंत्र), छापताना दिलेले आधार तोडणं, मिलिंग-ग्राइंडिंग, मग कडकपणासाठी पुन्हा भट्टी. ‘संध्याकाळी लावा, सकाळी बसवा’ म्हणणाऱ्यांनी हा प्रवास एकदा स्वतः मोजावा. वखराची पास पट्टीतून कापून, ठोकून, धार लावून द्यायला आपल्याकडच्या वर्कशॉपला किती वेळ लागतो? तीच पास लेसरने घडवणं म्हणजे पैसा आणि पावडर दोन्ही मातीत घालणं.

उत्साही बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य करतो. आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत जिन चालते, आणि त्या दिवसांत यंत्र बंद पडण्याची किंमत भागाच्या किमतीशी ताडून पाहता येत नाही. दारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात, मजुरी चालू असते. बनवणारी कंपनीच उरलेली नाही अशा जुन्या यंत्राचा विचित्र आकाराचा भाग असेल, तर छापून घेणं खरोखर शहाणपणाचं ठरू शकतं. पण असे भाग किती? डबल रोलर जिनचे नाइफ, बेअरिंग, रोलर या नेहमी झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या बाजारात मिळतात. हंगामापूर्वी मांडणीवर एक जादा जोड ठेवला की काम भागतं. साठा न ठेवण्याच्या सवयीवर लेसर हा उपाय नाही.

आता गणित उलटं मांडू. समजा, एका मोल्डचा गुंतागुंतीचा इन्सर्ट (साच्यात बसवायचा आकाराचा तुकडा) घडवायला यंत्राचे ४० तास गेले आणि त्यातून ५० हजार प्लास्टिकचे भाग निघाले. प्रत्येक भागाच्या वाट्याला यंत्राचे तीन सेकंदही येत नाहीत. जे यंत्र एकेक भाग बनवताना परवडत नाही, तेच साचा बनवताना परवडू लागतं. शिवाय पूर्ण इन्सर्टही छापावा लागत नाही. खालचा ठोकळा नेहमीच्या मिलिंगवर तयार करायचा आणि अवघड आकाराचा वरचा भाग तेवढा त्याच्यावर लेसरने चढवायचा, ही पद्धत टूलरूममध्ये रुळलेली आहे. फवारणी पंपाचे नोझल, संत्र्याचे क्रेट, ठिबकच्या जोडण्या, पेरणीयंत्राच्या बियाण्याच्या चकत्या: विदर्भातला शेतकरी या वस्तू रोज वापरतो, आणि या सगळ्या साच्यातून निघतात. वस्तू इथे खपतात आणि साचे मात्र बाहेरून येतात, तर नव्या मालाचा आकार ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो? आपल्या काळ्या कसदार जमिनीला चकतीचं भोक किती मोठं हवं, हे राजकोटच्या डायमेकरने का ठरवावं?

साच्यात लेसरचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पाण्याच्या वाटा. प्लास्टिकच्या मोल्डमध्ये एका फेरीचा निम्म्याहून जास्त वेळ बहुधा माल थंड होण्यात जातो. ड्रिलने भोक सरळच पडतं, त्यामुळे वळणाच्या आकाराजवळ पाणी पोहोचत नाही. थरांनी घडवलेल्या इन्सर्टमध्ये ही वाट आकाराच्या मागोमाग वळवता येते. माल लवकर आणि सारखा थंड होतो, वाकडा होत नाही. माहितीपत्रकं इथेच थांबतात. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा त्यांना ठाऊक नसतो. तिथलं खारं पाणी या नागमोडी वाटांत सोडलं तर क्षाराने त्या बुजणार. सरळ भोकात सळई घालून खरवडता येतं, वळणाच्या वाटेत येत नाही. म्हणजे क्षार काढलेलं पाणी, बंद फेऱ्यातलं पाणी थंड करणारा चिलर आणि ठराविक काळाने रसायनाने धुणं, हा खर्च आधीच धरावा लागतो. ज्या प्रस्तावात लेसरच्या वॅटचा उल्लेख आहे आणि पाण्याच्या क्षारतेचा नाही, तो प्रस्ताव इथल्या माणसाने लिहिलेला नाही असं मी समजतो.

विरोधकांचे आक्षेपही हलके नाहीत. चाळीस तासांचं काम मध्येच वीज जाऊन थांबलं तर वस्तू थंड होऊन आकसते आणि पुन्हा सुरू केल्यावर त्या थरावर रेघ राहते. डायमध्ये अशी रेघ म्हणजे उद्याची भेग. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. पावसाळ्यात पावडर दमट होते, नीट वाहत नाही. निकेल-कोबाल्टची बारीक पावडर फुप्फुसात जाणं धोक्याचं, फिल्टरमध्ये साठलेली काजळी निष्काळजीपणे उघडली तर पेट घेऊ शकते. हे सगळं खरं. पण हे आक्षेप यंत्र खेडोपाडी ठेवण्याविरुद्ध आहेत, यंत्राविरुद्ध नाहीत. एमआरआयचं यंत्र उपकेंद्रात ठेवत नाहीत म्हणून त्याचा खेड्यातल्या रोग्याला उपयोग नाही, असं कोणी म्हणत नाही. बुटीबोरी किंवा हिंगण्यासारख्या ठिकाणी, चोवीस तास वीज आणि वातानुकूलित खोली असलेल्या जागी यंत्र ठेवा. इन्सर्ट एसटीच्या पार्सलनेही हिंगणघाटला किंवा पुसदला जातो.

खरी अडचण धातूची आहे, आणि ती दोन्ही गटांच्या बोलण्यात नसते. फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेला धातू दाबून घडवण्याच्या, डायसाठी आपल्याकडे सर्रास वापरतात ते एच-१३ पोलाद. त्यात कार्बन सुमारे ०.४ टक्के आणि क्रोमियम ५ टक्के. लेसरखाली वितळलेला ठिपका सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतो. म्हणजे प्रत्येक थर घडता घडताच कडक होतो, त्यात ताण साठतो आणि तडे जातात. म्हणून पाट २०० अंश किंवा त्याहून वर तापवून ठेवावा लागतो, तरीही हात बसायला वेळ लागतो. डी-२ या दुसऱ्या टूल स्टीलमध्ये कार्बन दीड टक्का, तिथे तर अडचण आणखी वाढते. यावर जगाने काढलेली पळवाट म्हणजे मॅरेजिंग स्टील: कार्बन जवळपास शून्य, निकेल १८ टक्के, कोबाल्ट ९, मॉलिब्डेनम ५ टक्क्यांच्या आसपास. हे मऊ अवस्थेत घडतं, सहज मशीन होतं आणि नंतर ४९० अंशांवर सहाएक तास ठेवलं की कडकपणा ५० एचआरसीच्या (कडकपणाच्या रॉकवेल मापाच्या) पुढे जातो. प्लास्टिक मोल्डला उत्तम. पण निकेल आणि कोबाल्टसाठी देश आयातीवर अवलंबून आहे, आणि कार्बाइडचे (कार्बनच्या कठीण संयुगाचे) कण नसल्यामुळे घासून झिजण्याला हे पोलाद डी-२ इतकं तोंड देत नाही. वाळू-माती घासणाऱ्या औजाराला ते कशाला लावायचं? कोणत्या कामाला कोणतं पोलाद, हे ठरवणारा माणूस आधी लागतो. यंत्र त्याला पर्याय नाही.

या टप्प्यावर कोणीतरी नायकुंडचा दाखला देतोच. पेंच नदीकाठच्या त्या गावात महापाषाणयुगीन लोकांची, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली, तेव्हा पोलाद आमच्या रक्तात आहे, वगैरे. रक्तात असेल, पण भट्टीचं तापमान रक्ताने कळत नाही. मला त्यापेक्षा गावातला लोहार जवळचा वाटतो. घासलेल्या धारेवर आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढताना पाहून कुठे थांबायचं हे तो ठरवतो. हे खरं धातुशास्त्र आहे. पण एच-१३ चं टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवणं) साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या पट्ट्यात, दोन-तीन वेळा करावं लागतं. तिथे रंगाचा उपयोग नाही, तापमान मोजणारा थर्मोकपल लागतो. लोहाराच्या मुलाला थर्मोकपल आणि कडकपणा मोजायचं यंत्र हाताळता येणं, हे त्याच्या घरच्या विद्येचं पुढचं पाऊल आहे. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा ट्रेड आहे. त्या मुलांना शिकताना किती वेळा खरी डाय तापवायला, मोजायला आणि बिघडवायला मिळते, हा प्रश्न लेसरपेक्षा महत्त्वाचा आहे.

वर्ध्याच्या आसपास वाद असला की गांधीजी येणारच, आणि दोन्ही बाजूंनी येतात. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, म्हणून ‘ही भूमी हस्तोद्योगाची, इथे लेसर कशाला’ असं म्हटलं जातं. पण गांधीजींचा यंत्राविषयीचा विचार इतका सोपा नव्हता. १९२४ साली एका तरुणाने त्यांना विचारलं, सगळीच यंत्रं वाईट का? तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. तरुणाने पुढचा, खरा प्रश्न विचारला: मग शिवणयंत्र बनवायला मोठी यंत्रं असलेला कारखाना लागेल, त्याचं काय? गांधीजींनी तो कारखाना नाकारला नाही. असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात असावेत, असं ते म्हणाले. म्हणजे घरात बसणारं साधन माणसाच्या ताब्यात, आणि ते साधन घडवणारं अवजड यंत्र सार्वजनिक मालकीचं. माझा मुद्दा याहून वेगळा कुठे आहे? पेरणीची चकती, फवाऱ्याचं नोझल, वखराची पास लहान कारखान्याने आणि शेतकऱ्याने सांभाळावी; त्यांची डाय घडवणारं लेसर सर्वांच्या मालकीचं असावं. गांधीजींचं नाव घेऊन लेसरला विरोध करणारे हा दुसरा प्रश्न आणि त्याचं उत्तर सोडून देतात.

उलट बाजूला एम्प्रेस मिलचं उदाहरण आवडतं. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झालेल्या या गिरणीत जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकात सूत कातण्याचे नवे रिंग स्पिंडल आणले. इंग्लंडमधलं लँकेशायर तेव्हा म्यूल या जुन्या कातणयंत्रावरच अडून होतं. यावरून ‘नवं यंत्र आधी घेणारा जिंकतो’ असा निष्कर्ष काढतात. मला त्यातून वेगळंच दिसतं. लँकेशायर बारीक सूत कातत होतं आणि म्यूलवर मुरलेले कारागीर त्यांच्याकडे होते, तेव्हा त्यांचा हट्ट अगदीच वेडेपणाचा नव्हता. इथे सूत जाड, कापूस स्थानिक, मुरलेले म्यूल-कातारी नाहीत. रिंग इथल्या सुताला आणि इथल्या माणसांना जमणारी होती. यंत्राची निवड मालावरून झाली, नवेपणावरून नव्हे. आमच्याकडच्या प्रस्तावांत आधी यंत्र ठरतं आणि मग त्याच्यासाठी काम शोधलं जातं.

लोहारांचा धंदा बुडेल, हाही आक्षेप ऐकला. गावातला भाता लेसरने बंद पाडलेला नाही. तो ट्रॅक्टरने आणि बाहेरून येणाऱ्या तयार औजारांनी कधीच बंद पाडला. उरलेल्या वर्कशॉपवाल्याला आज बाहेरची औजारं विकण्याचं आणि वेल्डिंग मारून देण्याचं काम उरलं आहे. त्याच्या हातात स्वतःची डाय आली तर निदान तो पुन्हा बनवणारा होईल.

मला याहून मोठी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. अमेरिकेतल्या एली व्हिटनीने १७९४ साली सरकी काढण्याच्या जिनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचा आणि त्याच्या भागीदाराचा बेत यंत्र विकण्याचा नव्हता. स्वतःच जिन चालवायची आणि पाचातले दोन वाटे कापूस टोल म्हणून ठेवायचा, असा होता. तो फसला, कारण जिन इतकी साधी होती की कोणीही सुतार-लोहार तिची नक्कल करू शकत होता. लेसर यंत्राची नक्कल तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये होणार नाही. या तंत्राचं मूळ जर्मन पेटंट १९९६ मध्ये आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेतून आलं; त्याची मुदत आता संपली आहे. पण टोलनाका हलला आहे, उठलेला नाही. काही कंपन्यांच्या यंत्रावर त्यांचीच पावडर चालते, लेसरचा वेग आणि शक्ती यांचे आकडे कुलूपबंद असतात, बदलायचे तर वेगळे पैसे. अशा यंत्रावर इथल्या मुलांनी पोलाद शिकावं कसं? आणि इथल्या चकतीच्या डायची फाइल कोणाच्या संगणकावर, कोणाच्या नावाने राहणार?

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या तंत्राचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आणि जागतिक बाजारातला ५ टक्के वाटा हे लक्ष्य ठेवलं. लक्ष्य ठेवायला हरकत नाही. यवतमाळच्या कारखानदाराला मात्र टक्केवारीतून पंच मिळत नाही. माझ्या मते इथे सुरुवात पावडरीच्या पेटीपासून न करता लेसर क्लॅडिंगपासून करावी. यात पावडर थेट लेसरच्या झोतात सोडून झिजलेल्या जागी धातूचा नवा थर चढवतात. झिजलेली फोर्जिंग डाय, जिनिंग-ऑइल मिलचे शाफ्ट, डाळ मिलचे झिजके भाग भरून काढता येतात. साध्या पोलादाच्या अंगावर कडक मिश्रधातूचा थरही चढवता येतो. काम लगेच मिळतं, कारण झिजलेली वस्तू प्रत्येक कारखान्यात पडलेली असते. माणसांना उष्णता, तडे, कडकपणा यांचा हात बसतो. हैदराबादच्या एआरसीआय आणि इंदूरच्या आरआरकॅट या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांकडे या कामाचा अनुभव आहे, आणि नागपूरहून दोन्ही शहरं रात्रीच्या प्रवासाइतकी जवळ आहेत. दोन-तीन वर्षं हे जमलं की थरांनी डाय घडवणारी पेटी आणावी.

आणि ती आणताना निविदेत काय लिहावं, याचा नमुना जुनाच आहे. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं, तेव्हा अटी नुसत्या वेगाच्या नव्हत्या. किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नको, यंत्र भारतात बनण्याजोगं हवं, वीस वर्षं चालायला हवं आणि वर्षाचा देखभाल खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये, असंही त्यात होतं. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण अटी लिहिणाऱ्याला गाव माहीत होतं. आपल्या निविदेतही पावडर कोणाचीही चालेल, लेसरचे आकडे बदलता येतील, डिझाइनच्या फाइल कारखानदाराच्या नावावर राहतील, देखभालीची कमाल रक्कम आधी ठरेल, या अटी हव्यात. प्रस्तावावर सह्या करणाऱ्या कारखानदारांनी सहीसोबत आपापल्या एका झिजलेल्या डायचं ड्रॉइंग, तिचं पोलाद आणि ती किती नगांनंतर गेली, हे जोडावं. असे निदान वीस कागद जमले नाहीत, तर यंत्राची ऑर्डर पुढच्या वर्षी द्यावी आणि या वर्षीच्या पैशात तालुक्याला एक चांगली भट्टी घ्यावी.